जाहिरात आहे, पण जागा आहे काय?
नोकरीच्या पोकळ जाहिराती ओळखाव्या कशा

कापडाच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. दुकानाच्या दर्शनी भागात जे थान उभे करून ठेवलेले असते, ते विकायचे असतेच असे नाही. गिऱ्हाइकाने आत यावे, गादीवर बसावे, चार वाण पाहावेत, एवढ्यासाठीच ते पुष्कळदा तिथे असते. जाणते गिऱ्हाईक बसण्याच्या आधीच विचारते, “यातला किती मीटर माल शिल्लक आहे?” या एका प्रश्नात देखावा कोणता आणि माल कोणता हे उघड होते.

नोकरीच्या जाहिरातींचे आज तसेच झाले आहे. पूर्वी जाहिरात वर्तमानपत्रात येई, आता ती मोबाईलवर येते आणि एका सकाळी दहा जण तीच पाठवतात. कागद खरा असतो, कंपनी खरी असते, पत्ताही खरा असतो. फक्त जागा भरण्याचा इरादा नसतो. अशा जाहिरातींच्या मागे आपल्या कारीगरांची आणि छोट्या व्यापाऱ्यांची मुले महिनोन्‌महिने धावत असतात. त्यांचा पैसा थोडा जातो, वेळ मात्र फार जातो. म्हणून या विषयाचा हिशेब मांडणे जरूर आहे.

वरठीत हा प्रश्न का महत्त्वाचा

मोहाडी तालुक्यातील आपले वरठी हे गाव दिसायला लहान, पण नोकरीच्या बातम्या इथे जितक्या फिरतात तितक्या मोठ्या शहरातही फिरत नसतील. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे भंडारा रोड स्टेशन इथेच आहे. सनफ्लॅगचा पोलाद कारखाना इथे आहे. पलीकडे जवाहरनगरला आयुध निर्माणी, गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना, तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी आणि रेल्वेने जवळच नागपूर. चारी बाजूंना कारखाने असल्यामुळे “अमुक ठिकाणी भरती निघाली” ही बातमी इथल्या पोराला लगेच पटते. नोकऱ्या खरोखर असतात, म्हणूनच नसलेल्या नोकरीवरही विश्वास बसतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करावी. या लेखात कोणत्याही एका कारखान्याकडे बोट दाखवावयाचे नाही. वर जी नावे आली ती परिसराची ओळख म्हणून आली. विषय आहे तो बाजाराच्या एका रीतीचा.

फसवणूक वेगळी, पोकळ जाहिरात वेगळी

फसवणूक करणारा पैसे मागतो. नोंदणी फी, गणवेशाचे पैसे, प्रशिक्षणाची अनामत अशी नावे देतो आणि नाहीसा होतो. त्याच्याविरुद्ध पोलिसांत जाता येते. पोकळ जाहिरात देणारा पैसे मागत नाही. तो अर्ज घेतो, कधी मुलाखतही घेतो, चहा पाजतो आणि “कळवतो” म्हणतो. ते कळवणे कधी येत नाही. इथे गुन्हा सापडत नाही आणि तक्रार कोणाकडे करावी तेही समजत नाही. म्हणून या दुसऱ्या प्रकाराची पारख आपणच शिकली पाहिजे.

मालक असे का करतात?

जाहिरातीला खर्च येतो, मग माणूस घ्यायचाच नसेल तर कोण जाहिरात देईल, असा प्रश्न साहजिक आहे. पण व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर कारणे समजतात.

पहिले कारण, नावांचा साठा. जसा व्यापारी हंगामाआधी नमुन्याची पुस्तके मागवून ठेवतो, तशी काही कार्यालये उमेदवारांची नावे जमवून ठेवतात. उद्या कोणी सोडून गेला तर शोधाशोध नको. मजूर पुरवणाऱ्या काही ठेकेदारांचे हेच आहे. ठेक्याची निविदा अजून उघडायची असते, पण “आमच्याकडे इतके फिटर, इतके वेल्डर तयार आहेत” हे दाखवण्यासाठी अर्ज आधीच घेतले जातात. ठेका मिळाला तर बोलावणे, नाही मिळाला तर अर्ज रद्दीत.

दुसरे कारण, कागदाची पूर्तता. माणूस आधीच ठरलेला असतो. नियमात जाहिरात देणे सांगितले आहे म्हणून ती दिली जाते. ती अशा पत्रात येते जे त्या गावात कोणी वाचत नाही, आणि मुदत इतकी कमी असते की अर्ज पोहोचू नये. शिक्षणसंस्थांच्या बाबतीत महाराष्ट्रात ही तक्रार फार जुनी आहे. शिक्षक भरती मध्यवर्ती पद्धतीने करण्यासाठी शासनाला २०१७ मध्ये पवित्र पोर्टल आणावे लागले.

तिसरे कारण, भाव काढणे. पाच उमेदवारांना “तुमची पगाराची अपेक्षा काय?” असे विचारले की बाजारात त्या कामाचा दर काय चालू आहे ते फुकटात समजते. घाऊक बाजारात काही लोक माल न घेता फक्त भाव विचारत फिरतात, त्यातलाच हा प्रकार.

चौथे कारण, दबदबा. भरती चालू आहे असे दिसले म्हणजे धंदा वाढतो आहे असे बँकेला, देणेकऱ्यांना आणि स्पर्धकांना वाटते. शिवाय आतल्या कामगाराला इशारा मिळतो की तुझी जागा घ्यायला बाहेर रांग आहे. कामाच्या बोजाने थकलेल्यांना “माणूस येतो आहे” असा दिलासाही देता येतो.

पाचवे कारण सर्वात साधे, आणि ते म्हणजे आळस. जागा भरली गेली, पण जाहिरात काढली नाही. वर्तमानपत्रातली जाहिरात दुसऱ्या दिवशी जुनी होत असे, मोबाईलवरची कधी जुनी होत नाही. दोन वर्षांपूर्वीचा कागद आजच निघाल्यासारखा फिरत राहतो.

कायदा काय सांगतो

आपल्याकडे या विषयावर कायदा नाही असे नाही. १९५९ मध्ये संसदेने रोजगार कार्यालयांना रिक्त जागा कळवणे सक्तीचे करणारा कायदा केला. सरकारी आस्थापना आणि २५ किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खासगी आस्थापनांना तो लागू झाला. जागा न कळवल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी ५०० रुपये आणि पुढच्या प्रत्येक वेळी १,००० रुपयांपर्यंत दंड ठेवला गेला.

पण त्याच कायद्यात एक वाक्य असे होते की, जागा कळवली म्हणून रोजगार कार्यालयाने पाठवलेला माणूस घेतलाच पाहिजे असे मालकावर बंधन नाही. म्हणजे कळवणे सक्तीचे, घेणे मर्जीचे. कारखानदाराच्या बाजूने पाहिले तर यात गैर काही नाही. कोणाला कामावर ठेवावे हे मालकानेच ठरवायचे असते. पण रोजगार कार्यालयाचे पत्र हातात आले म्हणजे नोकरी पक्की, असे समजणाऱ्या पिढ्यांना हे वाक्य कोणी समजावून सांगितले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट १९९६ च्या एका निकालात सांगितले की, सरकारी भरतीसाठी केवळ रोजगार कार्यालयाकडून आलेल्या नावांवर थांबू नये, जास्त खपाच्या वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी आणि कार्यालयाच्या फलकावरही ती लावावी. संधी सर्वांना मिळावी हा त्यामागचा उद्देश होता. त्यामुळे जाहिराती वाढल्या. मात्र जाहिरात दिली म्हणून जागा भरलीच पाहिजे, असे बंधन त्यातूनही आले नाही.

१९५९ चा हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला गेला आहे. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. रोजगार कार्यालयाच्या जागी नव्या नावाचे केंद्र आले, पण तत्त्व तेच राहिले. मालकाने जागा कळवावी, माणूस घेण्याची सक्ती नाही.

जिल्हा परिषदेच्या भरतीचा धडा

इरादा असूनही जागा न भरण्याचे सर्वात मोठे उदाहरण महाराष्ट्राने आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. मार्च २०१९ मध्ये राज्यातील ३४ जिल्हा परिषदांत गट क च्या सुमारे साडेतेरा हजार जागांची जाहिरात निघाली. अर्ज महापरीक्षा पोर्टलवर भरावयाचे होते. लाखो मुलांनी फी भरली. मग सरकार बदलले. फेब्रुवारी २०२० मध्ये तक्रारींमुळे ते पोर्टलच बंद झाले. मार्चमध्ये करोना आला आणि ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने आरोग्य खाते वगळून नव्या भरतीवर बंदी आली. शेवटी ती भरती रद्द झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये १९,४६० जागांची नवी जाहिरात निघाली आणि जुन्या उमेदवारांची फी परत करण्याचे काम त्याच वर्षी सुरू झाले.

यात कोणी मुद्दाम फसवले असे म्हणता येणार नाही. पण उमेदवाराच्या दृष्टीने फरक काय पडला? २०१९ मध्ये जो २४ वर्षांचा होता तो नवी जाहिरात निघाली तेव्हा २८ वर्षांचा झाला. शासनाने २०२३ मध्ये वयाच्या अटीत दोन वर्षांची सूट दिली ही चांगली गोष्ट झाली. फी परत मिळू शकते, वयात सूट मिळू शकते, पण “भरती होणार आहे” म्हणून जी चार वर्षे हातात दुसरे काम धरले नाही ती परत करण्याची सोय कोणत्याही शासन निर्णयात नाही.

श्रीमंत देशांतही हेच

हे फक्त आपल्याकडेच चालते असा समज नसावा. अमेरिकेत परदेशी कर्मचाऱ्याला कायम वास्तव्याचा परवाना मिळवून द्यावयाचा असेल, तर त्या कामासाठी स्थानिक लायक माणूस मिळत नाही हे मालकाला जाहिरात देऊन दाखवावे लागते. त्या जागेवर एक माणूस आधीच काम करीत असतो आणि मालकाला तोच हवा असतो. मग जाहिरात अशी दिली जाते की अर्ज येऊच नयेत.

फेसबुक कंपनीवर अमेरिकन सरकारने डिसेंबर २०२० मध्ये असाच आरोप ठेवला. एरवी सर्व अर्ज संगणकावर घेणारी ही कंपनी या २,६०० हून अधिक जागांचे अर्ज मात्र टपालाने मागवीत होती आणि जागा आपल्या संकेतस्थळावर दाखवीत नव्हती, असे सरकारचे म्हणणे होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीने १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंत रक्कम देण्याचे मान्य करून तडजोड केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲपल कंपनीनेही अशाच प्रकरणात अडीच कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. एवढ्या मोठ्या पेढ्या जिथे कागदाच्या पूर्ततेसाठी जाहिरात देतात, तिथे लहानांचे काय सांगावे!

कॅनडातील ओंटारिओ प्रांताने मात्र यावर चांगला तोडगा काढला आहे. १ जानेवारी २०२६ पासून तिथे २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने जाहिरातीत “ही जागा सध्या रिकामी आहे किंवा नाही” हे लिहिणे बंधनकारक आहे. ज्याची मुलाखत घेतली त्याला ४५ दिवसांच्या आत निर्णय कळवावा लागतो. आपल्याकडे असा नियम आला तर कारीगरांच्या मुलांचे किती हेलपाटे वाचतील याचा विचार करावा.

ओळखण्याच्या खुणा

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर ही पारख उपयोगी पडेल.

१. जाहिरातीवर तारीख पाहा. तारीख आणि अर्जाची शेवटची मुदत दोन्ही नसतील तर तो कागद जुना किंवा कायमचा समजावा. तीच जाहिरात दर दोन-तीन महिन्यांनी शब्दही न बदलता येत असेल, तर एक तर तिथे कोणी टिकत नाही किंवा कोणाला घेतले जात नाही. दोन्ही गोष्टी जाणून घेण्यासारख्या आहेत.

२. जागा किती, काम कोणते, पगार किती, हे तीन आकडे शोधा. ज्याला खरोखर शिलाई मास्टर हवा असतो तो “शिलाई मास्टर, दोन जागा” असे लिहितो. “सर्व पदांसाठी संधी” लिहिणाऱ्याला बहुधा नावेच हवी असतात.

३. भरती कोणाच्या नावाने आहे ते पाहा. कारखान्याच्या की ठेकेदाराच्या? ठेकेदाराची असेल तर सरळ विचारावे, “ठेका मिळाला आहे की मिळायचा आहे? कामाचा आदेश कोणत्या तारखेचा आहे?” खरा ठेकेदार या प्रश्नाने रागावत नाही.

४. ही जागा नवी आहे की कोणी सोडून गेला म्हणून रिकामी झाली, हे विचारावे. सोडून गेला असेल तर सध्या ते काम कोण करीत आहे? जिथे जागा खरी असते तिथे उत्तर लगेच मिळते.

५. मुलाखत कोण घेतो ते पाहावे. ज्याच्या हाताखाली काम करावयाचे तो माणूस समोर असेल आणि कामाबद्दल विचारीत असेल, तर गोष्ट खरी. केवळ कागद गोळा करणारा एक कारकून असेल आणि शेवटी ओळखीच्या आणखी दहा जणांचे नंबर मागत असेल, तर काय ते समजावे.

६. कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर दहा मिनिटे बसावे. पाळी सुटल्यावर कामगार बाहेर येतात. आत नवी माणसे घेत आहेत की जुनी कमी करीत आहेत, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसते.

७. सरकारी भरतीची बातमी त्या कार्यालयाच्या फलकावर किंवा अधिकृत संकेतस्थळावर पडताळावी. भंडाऱ्यात जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. राज्याचे महास्वयम् पोर्टल आहे. विचारायला पैसे पडत नाहीत.

आखातात जाण्याचा विचार करणाऱ्या मिस्त्री, गवंडी, वेल्डर बांधवांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. १९८३ च्या कायद्यानुसार फक्त नोंदणीकृत एजंटच परदेशातील नोकरीसाठी माणसे भरती करू शकतो. त्याचे नाव ईमायग्रेट पोर्टलवर पाहता येते. सेवेबद्दल ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त तो घेऊ शकत नाही. मुख्य म्हणजे त्याच्याजवळ परदेशी मालकाचे मागणीपत्र असावे लागते, ज्यात किती माणसे, कोणते काम, किती पगार हे लिहिलेले असते. मागणीपत्र न दाखवता पासपोर्ट ठेवून घेणाऱ्याजवळ जागा नसते. मूळ पासपोर्ट अशा माणसाच्या हाती देऊ नये.

शिकाऊ म्हणजे नोकर नव्हे

एक गोंधळ आपल्या भागात फार होतो. आयटीआय झालेला मुलगा “अप्रेंटिस भरती” वाचतो आणि घरात नोकरी लागल्याचा आनंद होतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्यांना विद्यावेतन मिळते. पण मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते. राज्य शासनाने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचेही तेच. बारावी पासला ६,०००, आयटीआय आणि पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये दरमहा, तेही ठरावीक महिन्यांपुरते. ही तालीम अवश्य घ्यावी, हाताला वळण लागते आणि प्रमाणपत्र मिळते. पण ती तालीम आहे हे जाणून घ्यावी, म्हणजे मुदतीनंतर मन खट्टू होणार नाही.

एका हेलपाट्याचा हिशेब

समजा रोजी ५०० रुपये कमावणारा एक मुलगा नागपूरला मुलाखतीस गेला. रोजी बुडाली ५००. जाणे-येणे, जेवण २००. झेरॉक्स, फोटो १००. एका हेलपाट्याचे ८०० झाले. वर्षातून असे दहा हेलपाटे म्हणजे ८,००० रुपये. एवढ्यात शिलाईचे एक साधे यंत्र घरात येते. जाऊ नये असे नाही. पण जाण्याआधी वरचे प्रश्न टेलिफोनवर विचारले असते, तर दहापैकी सहा हेलपाटे कदाचित वाचले असते.

आणि सर्वात मोठा तोटा या हिशेबात येतच नाही. “आठ दिवसांत बोलावणे येईल” म्हणून मुलगा वडिलांच्या दुकानावर बसत नाही, कटिंग शिकत नाही, उस्तादाकडे जात नाही. आठ दिवसांचे आठ महिने होतात. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी एक नियम करावा. अर्ज खुशाल करावा, पण उत्तराची वाट हातातले काम चालू ठेवून पाहावी. मुलाखतीनंतर एक महिन्यात उत्तर आले नाही तर एकदा विचारावे, मग ते खाते बंद करावे. बुडीत उधारी वर्षानुवर्षे खतावणीत ओढत नेणारा व्यापारी शहाणा नव्हे.

आपल्या दुकानावरची पाटी

शेवटची गोष्ट आपल्या व्यापारी बांधवांसाठी. “काम करण्यास मुलगा पाहिजे” ही पाटी भंडारा, तुमसर, नागपूर कुठल्याही बाजारात दिसते. कित्येक दुकानांवर ती बारा महिने लटकलेली असते. कोणी विचारायला आले की “नाव-नंबर लिहून जा” असे उत्तर मिळते. त्या पाटीच्या भरवशावर खेड्यातून एसटीने आलेल्या मुलाने एका दिवसाची रोजी सोडलेली असते. मोठ्या कंपन्यांना नावे ठेवण्याआधी आपण आपली पाटी पाहावी.

गरज असेल तेव्हा पाटी लावावी आणि तीवर काम, वेळ व पगार लिहावा. गरज संपली की त्याच दिवशी ती काढावी. नाही म्हणायचे असेल तर तोंडावर नाही म्हणावे. स्पष्ट नकार हा उमेदवाराचा हक्क आहे, आणि त्याला खर्च काहीच येत नाही. बाजारात ज्याच्या होकाराला किंमत असते, त्याच्या नकारालाही असते. मालाचा भाव सांगताना आपण शब्दाला जपतो. माणसाची रोजी ही मालाहून नाजूक चीज आहे, तिथे शब्दाला अधिक जपावे.